अखेरचा साठा कोणी मोजला?

शंकेखोर : मॅडम, अकाउंट्समध्ये मला कधीच कमी गुण पडले नाहीत, तेव्हा माझं म्हणणं नापासाची कुरकुर समजून बाजूला सारू नका. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्ही काय करायचो ते आठवा. फायनल अकाउंट्सचा सम यायचा. वर तेरीज, खाली आठ-दहा अ‍ॅडजस्टमेंट्स. अखेरचा साठा इतक्याचा, यंत्रावर घसारा दहा टक्के, बुडीत कर्जासाठी पाच टक्के तरतूद, एका महिन्याचं भाडं देणं बाकी. प्रत्येक अ‍ॅडजस्टमेंट दोन ठिकाणी टाकायची, टाकली की तिच्यापुढे पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि शेवटी ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज मारायची. जुळली की वर्गात कुणीतरी ‘टॅली झालं!’ म्हणून ओरडायचं. नाही जुळली तर फरकाला दोनाने भागून बघ, नऊने भागून बघ. तरीही नाही, आणि घड्याळ पुढे सरकतंय, तर सस्पेन्स खातं उघडायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. सहा सेमिस्टर हेच केलं. पण हे दुकान चालतंय की बुडतंय, एवढा साधा प्रश्न मला एकाही पेपरात कोणी विचारला नाही. आम्ही लेखाशास्त्र शिकलो नाही, आम्ही जुळवायला शिकलो.

कैवारी : जुळवणं ही किरकोळ गोष्ट आहे असं तू धरून चालतोस, आणि माझा विरोध तिथूनच सुरू होतो. सतरा-अठरा वर्षांचं पोर वर्गात येतं. दहावीपर्यंत उत्तर बरोबर की चूक हे त्याला कोणीतरी सांगत आलेलं असतं, एक तर बाई नाहीतर गाइड. इथे पहिल्यांदा असा विषय भेटतो, ज्यात आपलं काहीतरी बिघडलंय हे शिक्षक येण्याआधी त्याचं त्यालाच कळतं. तो नऊने भागायचा नियमच घे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली, ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेलं, तर फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो. वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरचीसुद्धा वर बघतात. स्वतःची चूक हुडकायला हत्यार हातात येणं ही मोठी गोष्ट आहे, विशेषतः ज्यांना दहावीच्या टक्क्यांवरून ‘सायन्सला नाही जमलं, कॉमर्सला टाका’ असं ऐकवलेलं असतं त्यांच्यासाठी. आणि ही पद्धत कुठल्या अभ्यास मंडळाने बसून काढलेली नाही. १४९४ साली लुका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूने ती आपल्या गणिताच्या ग्रंथात व्हेनिसमध्ये छापली, तेव्हाही ती नवी नव्हती. व्यापाऱ्यांच्या वह्यांत आधीपासून चाललेली रीत त्याने मांडून दाखवली. सव्वापाचशे वर्षं माणसं तिला धरून आहेत, म्हणजे तिच्यात काहीतरी असणार.

शंकेखोर : टिकली म्हणून चांगली शिकवली जाते असं थोडंच आहे? ती आम्हाला मंत्रासारखी मिळाली. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा; येईल ते नावे, जाईल ते जमा; खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. बारावीला मराठीतून पाठ केलं, कॉलेजात तेच इंग्रजीतून पुन्हा पाठ केलं. का, हे विचारायची सोय नव्हती. माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी पासबुक घेऊन आली होती. तिचा प्रश्न असा, की बँकेत पैसे भरले तर आपल्या वहीत बँकेच्या नावे पडतात, मग पासबुकात ते जमा कसे दिसतात? क्लासवाल्या सरांनी उत्तर दिलं, ‘परीक्षेत पासबुक येत नाही, आलं तर उलटं करायचं.’ उलटं करायचं! झालं समाधान.

कैवारी : त्या सरांनी तिचं नुकसान केलं, कारण सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर प्रश्न तिने विचारला होता. पासबुक आपण लिहिलेलं नसतंच, ती बँकेच्या वहीतली आपल्या खात्याची नक्कल असते. आपण भरलेले पैसे ही बँकेची आपल्याला असलेली देणी आहेत, म्हणून तिच्या वहीत आपण जमेला. आपली मालमत्ता ती तिची जबाबदारी. एकच व्यवहार, दोन घरांच्या वह्या आणि दोन्ही बरोबर. हे ज्याच्या डोक्यात नीट बसलं त्याला पुढे बँक बुडते म्हणजे काय होतं, ठेवीदार रांगेत का उभे राहतात, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी चार-पाच चेहरे असे दिसतात, की त्यांना तिथे काहीतरी गवसलंय.

शंकेखोर : चार-पाच. वर्गात एकशेवीस असतात, मॅडम.

कैवारी : असतात. सकाळी सातच्या लेक्चरला ऐंशी येतात. त्यातले निम्मे नंतर कुठल्यातरी सीएच्या ऑफिसात नाहीतर दुकानात कामाला जातात. तेव्हा चार-पाच मला कमी वाटत नाहीत.

(इथे दोघं आपापल्या कॉलेजच्या आठवणींत शिरली. सातच्या लेक्चरला कोण झोपायचं आणि कॅल्क्युलेटर कोण कोणाचा ढापायचं हा भाग रंजक होता, पण मुद्द्याला धरून नव्हता, म्हणून गाळला.)

शंकेखोर : आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. आमची देवगडकडे हापूसची बाग आहे. लहानपणापासून बघतोय, मोसमात बाबा पेट्या भरून वाशीच्या बाजारात पाठवतात. माल आमचा, विकणार तिथला व्यापारी. काही दिवसांनी पट्टी येते. किती पेट्या पोचल्या, कुठल्या भावाने गेल्या, गाडीभाडं किती, हमाली किती, काय काय कापलं आणि हातात किती. आमच्या घरातली मे महिन्यातली सगळी भांडणं आणि सगळे आनंद त्या पट्टीवर ठरतात. आणि कॉलेजात मी कन्साइनमेंटचे वीस-पंचवीस सम सोडवले. मुंबईच्या ‘अ’ने कोलकात्याच्या ‘ब’ला शंभर रेडिओ पाठवले, वाटेत पाच फुटले, ‘ब’ने अकाउंट सेल्स पाठवला, कमिशन काढा. सगळे बरोबर सोडवले. पण तो अकाउंट सेल्स म्हणजेच आमची पट्टी, आणि तो ‘अ’ म्हणजे माझे बाबा, हे मला डिग्री हातात पडल्यावर एकदा घरी जुने कागद लावताना कळलं. वर्गात कोकणातली निदान दहा मुलं होती. रेडिओ कशाला? आंब्याच्या पेट्या लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

कैवारी : काहीच बिघडलं नसतं, आणि तुझ्या या तक्रारीला माझ्याकडे बचाव नाही. पुस्तकातली नावं बदलायला अभ्यास मंडळाचीसुद्धा परवानगी लागत नाही. पण आता त्याच धड्यात काय होतं ते बघ. नॉर्मल लॉस आणि अ‍ॅबनॉर्मल लॉस वेगळे का धरायचे हे तू रेडिओवर शिकलास. पेटीत तळाचे दोन आंबे डागी निघणार हे बाबांना आधीच माहीत असतं, म्हणून तो खर्च उरलेल्या चांगल्या आंब्यांवर चढवायचा. घाटात ट्रक कलंडला तर तो तोटा वेगळा दाखवायचा, कारण त्याचा भार पेटीच्या किमतीवर टाकला तर यंदाचा धंदा खरा कसा झाला हेच कळणार नाही. बाबा हे मनात करतातच. ते म्हणतात, ‘ट्रकचं सोड, बाकी वर्ष बरं गेलं.’ शास्त्राने त्या वाक्याला खातं दिलं. उधारी बुडाल्याची जबाबदारीही विकणाऱ्याने घेतली तर त्याला वेगळं कमिशन द्यायचं, हेही त्याच धड्यात आहे. ही नाव-गाव नसलेली उदाहरणं कोरडी असतात हे खरं, पण साचा हाती आला तो तिथूनच. तुला पट्टी ओळखता आली ती साचा आधी शिकलास म्हणून.

शंकेखोर : ओळखता आली, पण वाचता आली का? त्या सममध्ये ‘ब’ने पाठवलेला अकाउंट सेल्स खरा आहे असं धरूनच सुरुवात होते. विकले ऐंशी रेडिओ, दर अमुक, संपलं. आमच्या घरातला प्रश्न त्याच्या बरोबर अलीकडचा आहे. व्यापाऱ्याने जो भाव लिहिला त्याच भावाने माल गेला कशावरून? बाबा त्या दिवशी आणखी दोघांना फोन लावून भाव विचारतात, गावातल्या दुसऱ्या बागायतदाराची पट्टी शेजारी ठेवून बघतात. हे हिशेबाचंच काम आहे ना? आमच्या धड्यात त्याला जागाच नव्हती. कागद आला की तो खरा, आपण फक्त खतावायचा. म्हणजे विद्यापीठाने आम्हाला काय शिकवलं, तर दुसऱ्याने दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून त्याचे सुबक तक्ते करायला. मग सत्यम कंपनीचा घोटाळा घडला की आश्चर्य कसलं?

कैवारी : सत्यम तू काढलंस ते बरं झालं, कारण माझा सगळ्यात आवडता धडा तोच आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र मी वर्गात फळ्यावर मांडते. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत उत्पन्न दाखवलं होतं २,७०० कोटी, खरं होतं २,११२ कोटी. फरक काढा म्हणते. ५८८. मग नफा : दाखवलेला ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. फरक काढा. पुन्हा ५८८. आता मुलांना विचारते, हे ५८८ कोटी नफा-तोटा पत्रकात तर घातले, पण दुहेरी नोंद आहे, दुसरी बाजू कुठे गेली? शोधा. एखादी पोरगी म्हणते, येणेकऱ्यांत. बरोबर दिशेने चाललीय. पण येणेकरी फार फुगले तर कोणीतरी विचारणार, वसुली का होत नाही? म्हणून दुसरी बाजू नेली बँकेतल्या शिल्लकेत. त्या एका तिमाहीत खोटी रोख आणि बँक शिल्लक वाढली, तीही ५८८ कोटींनीच. असं साचत साचत वह्यांतल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी नुसते कागदावर उरले होते. तुला काय वाटतं, ही दुहेरी नोंदीची हार आहे? मला उलटं वाटतं. दुहेरी नोंद माणसाला खोटं बोलण्यापासून अडवत नाही, पण प्रत्येक खोट्याला दुसरीकडे घर बांधून द्यावं लागतं. आणि तिथे जाऊन दार वाजवता येतं. एकेरी जमाखर्चात खोटं कुठेही विरून जातं.

शंकेखोर : दार वाजवता येतं हे कबूल, पण वाजवलं कोणी? लेखापरीक्षकांची सही होती, आणि परीक्षक आंतरराष्ट्रीय नावाचे होते. बँकेकडून स्वतंत्रपणे शिल्लक पडताळून घेणं हे काम इतकं मूलभूत आहे, की दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ते ठाऊक असतं. तरी वर्षानुवर्षं कळलं नाही, आणि शेवटी कळलं तेही करणाऱ्याने स्वतः लिहून दिलं म्हणून. आता माझा मूळ मुद्दा जास्त स्पष्ट मांडू शकतो. ‘तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असं नाही’ हे आमच्या पुस्तकात छापलेलंच होतं. वगळलेल्या नोंदी, तत्त्वाच्या चुका, एकमेकींना झाकणाऱ्या चुका : पाच गुणांचं टिपण. आम्ही ते टिपण पाठ करून पाच गुण घेतले आणि पुढच्या पानावर तेरीज जुळवून पंधरा घेतले. शंका पाच गुणांची, जुळणी पंधरा गुणांची. मुलगा या प्रमाणातून जे शिकायचं ते बरोबर शिकतो.

कैवारी : हे लागलं. पण प्रमाण बदलायचं म्हटलं तर शंका शिकवायची कशी, हे सांग. शंका घे म्हटल्याने कोणी शंका घेत नाही.

शंकेखोर : मी सांगतो कुठे शिकवायची. त्या सगळ्या सममध्ये एकच जागा जिवंत असते, तेरजेच्या खालची. अखेरचा साठा ८०,००० रुपयांचा. कोणी मोजला? कधी मोजला? ३१ मार्चला रात्री गोदामात कोण उभं होतं? साठा एक लाखाने जास्त लिहिला तर नफा बरोबर एक लाखाने वाढतो, एका रुपयाची विक्री न होता. प्रमाणकात लिहिलंय, खरेदीची किंमत आणि विकून निव्वळ मिळेल ती किंमत यातली जी कमी ती धरा. पण विकून किती मिळेल हे दुकानदाराचं अनुमान आहे. बुडीत कर्जाची तरतूद पाच टक्के. पाचच का? घसारा दहा टक्के. कोणाच्या अनुभवाने? धंद्यातला सगळा विवेक त्या आठ-दहा ओळींत आहे आणि तो आम्हाला तयार करून, आकडा लावून हातात दिला जातो. आमच्या वाट्याला उरते बेरीज-वजाबाकी. जिथे माणसाला निर्णय घ्यावा लागतो नेमक्या त्या जागी प्रश्नपत्रिका म्हणते, ‘तू नको बघू, आम्ही ठरवलंय.’

कैवारी : इथे तू माझ्या बाजूला येऊन बोलतो आहेस हे तुला कळतंय का? कारण अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये जीव आहे हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, तरी दिसलं. पन्नास वेळा घसारा लावल्याशिवाय घसाऱ्याचा दर हे कुणाचं तरी मत आहे हे जाणवत नाही. लॅपटॉपचं उदाहरण देते. साठ हजारांचा लॅपटॉप. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे त्याचं आयुष्य तीन वर्षं, शेवटी पाच टक्के किंमत उरते असं धरलं तर दरवर्षी घसारा १९,०००. प्राप्तिकराला मात्र घटत्या किमतीवर चाळीस टक्के. पहिल्या वर्षी २४,०००, दुसऱ्या वर्षी १४,४००. तीन वर्षांनी कंपनीच्या पुस्तकात तो लॅपटॉप ३,००० चा आणि कराच्या हिशेबात १२,९६० चा. टेबलावर लॅपटॉप एकच. मुलं हसतात आणि मग एखादा विचारतो, ‘मग खरी किंमत कुठली?’ हा प्रश्न पडायला आधी दोन्ही पद्धतींनी न चुकता आकडा काढता यावा लागतो. ज्याला तो काढता येत नाही त्याची शंका नुसती गप्पांची शंका असते. तशा शंका घेणारे पुष्कळ भेटतात. ‘सगळे आकडे खोटेच असतात’ म्हणतात आणि स्वतःच्या पतसंस्थेचा अहवाल उघडून बघत नाहीत.

शंकेखोर : बरं, आकडे न चुकता काढले. तरीही त्या चौकटीत काय शिरत नाही ते बघा. आई फवारणीच्या वेळी, तोडणीच्या वेळी, पेट्या भरताना दिवसभर राबते. आमच्या हिशेबात ती कुठे आहे? पैसे दिले नाहीत म्हणून खर्च नाही. शिकवलेल्या पद्धतीने मी बागेचं नफा-तोटा पत्रक केलं तर नफा झकास येतो, कारण आईची मजुरी शून्य, बाबांची शून्य, सुट्टीत राबलेला मी शून्य. सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा हे ओळखतो. त्यांचा एक खर्च फक्त खिशातून गेलेल्या पैशाचा, दुसऱ्यात घरच्यांचे श्रम धरलेले आणि तिसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही. हमीभाव कुठल्या खर्चावर द्यायचा यावर शेतकरी संघटना वर्षानुवर्षं भांडतायत, आणि ते भांडण मुळात लेखाशास्त्राचं आहे. खर्च म्हणजे काय, एवढाच तर वाद! कॉमर्सच्या वर्गात त्याचा एक शब्द निघाला नाही. आम्ही शेतकऱ्यांची पोरं रेडिओ पाठवत बसलो.

कैवारी : पैशात मोजता येईल तेच नोंदवायचं ही या शास्त्राने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आहे, आणि तिचं कारण सज्जनपणाचं आहे. आईच्या दिवसाला किती रुपये लावायचे? तू पाचशे म्हणशील, आयोग गावातल्या मजुरीचा दर लावेल, आणि बँकेत कर्ज मागताना कोणी हजार लावेल. ज्या आकड्याच्या मागे कागद नाही तो आत घेतला की ५८८ कोटींसाठी दार उघडतं. कंपन्यांनी असे प्रयोग केलेत. इन्फोसिस काही वर्षं आपल्या माणसांची किंमत वार्षिक अहवालात देत असे, पण जोडपत्रात, मुख्य ताळेबंदात नाही. आणि शास्त्र जागचं हलत नाही असंही नाही. इंड-एएस या भारतीय लेखा प्रमाणकांप्रमाणे आता आंब्याचं झाड यंत्रासारखं धरून त्यावर घसारा लावतात आणि त्याच झाडावर वाढणारं फळ बाजारभावाने मोजतात. तुझ्या बाबांना हे वाचून दाखव.

शंकेखोर : दाखवलं तर म्हणतील, झाडावरच्या आंब्याला भाव लावणाऱ्याने एकदा अवकाळी पावसात येऊन उभं राहावं. पण आणखी एक बोलायचंय. तुम्ही हाताला वळण लागण्याचं म्हणता. हात आता वापरतो कोण? नोकरीला लागलो त्या दिवशी समोर टॅली हे सॉफ्टवेअर होतं. व्हाउचर टाकलं की रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं आपोआप. तीन वर्षं फूटपट्टी घेऊन आखलेल्या रेघा पहिल्याच दिवशी बाद झाल्या. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून नोंद कोणी, कधी बदलली याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. तुमचा नऊने भागायचा नियम तिथे कोणाच्या उपयोगाचा?

कैवारी : कोणाच्याच नाही, हे मी मान्य करून टाकते. सांगायला जड जातं, कारण मला तो फार आवडतो. टॅलीत ताळेबंद जन्मतःच जुळलेला असतो. फार तर सुरुवातीच्या शिलकांत तफावत आहे अशी एक ओळ दिसते. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकलास तरी जुळतो, मालकाच्या मुलीच्या लग्नाचं बिल जाहिरात खर्चात टाकलंस तरी जुळतो. म्हणजे मी सुरुवातीला ज्याची बाजू घेतली, आपली चूक आपल्याला सापडण्याची, ती सोय आता यंत्राने घेतली. आणि जी चूक यंत्राला दिसत नाही ती शोधायला आपण शिकवत नाही. इथपर्यंत तू मला आणलंस. पण याच्यापुढे एक गोष्ट आहे, ती तू टाळतोयस.

शंकेखोर : कुठली?

कैवारी : तुला गुण कसे मिळाले? तू मराठी माध्यमातून आलास. पहिल्या वर्षी बिझनेस कम्युनिकेशनला किती होते ते मला आठवतंय. अर्थशास्त्रात येत असूनही लिहिता यायचं नाही. अकाउंट्समध्ये मात्र तू मुंबईतल्या कॉन्व्हेंटच्या मुलांच्या बरोबरीने होतास, कधी पुढे. कारण आकड्याला उच्चार नसतात. ताळेबंद जुळला की जुळला, परीक्षक कोणीही असो. वर्किंग नोट बरोबर असेल तर स्टेपचे गुण कोणाला नाकारता येत नाहीत. आता तू म्हणतोस तसा पेपर काढू. ‘हा साठा योग्य मोजलाय का, चर्चा करा.’ ‘ही तरतूद पुरेशी आहे का, कारणं द्या.’ गुण कोणाला जातील? ज्याला इंग्रजीत चार परिच्छेद सफाईने लिहिता येतात त्याला. ज्याच्या घरी जेवताना शेअर बाजाराच्या गप्पा चालतात त्याला. तुला ज्या यांत्रिकपणाचा राग आहे तो तुझ्यासारख्यांच्या पाठीशी उभा होता.

शंकेखोर : हे मी नाकारत नाही. अकाउंट्सच्या गुणांवरच मला पहिली नोकरी लागली. पण त्या नोकरीत काय झालं तेही ऐका. चार वर्षं मी व्हाउचर टाकतोय. माझ्या शेजारी बसलेला, इंग्रजी फाडफाड बोलणारा, अकाउंट्समध्ये माझ्यापेक्षा कमी गुणांचा मुलगा आता साहेबांबरोबर क्लायंटकडे जातो. तिथे विचारतात, ‘ही येणी वसूल होतील असं तुम्हाला वाटतं का?’ आणि मत द्यायचं असतं. मला मत देता येत नाही असं नाही. बाबांच्या पट्ट्या बघत मोठा झालोय, कोण पैसे बुडवणार ते मला त्याच्याआधी कळतं. पण मत हे अकाउंट्सचं काम आहे असं मला कधी कोणी सांगितलंच नाही. मी त्याला घरची गोष्ट समजत राहिलो. ज्या यांत्रिकपणाने मला दारापर्यंत आणलं, त्यानेच दाराबाहेर बसवलं. मग तो माझ्या बाजूचा म्हणू की विरुद्ध?

कैवारी : पहिल्या वर्षाचा पेपर आमचं कॉलेजच काढतं. समजा, मी पुढच्या सेमिस्टरला एक पट्टी छापली, नावं खोडून. खाली लिहिलं : यावरून कन्साइनमेंट खातं तयार करा, दहा गुण. आणि या कागदावरून काय कळत नाही ते मराठीत किंवा इंग्रजीत तीन ओळींत लिहा, पाच गुण. भाषेची अडचण तीन ओळींत फार येणार नाही.

शंकेखोर : आणि आदर्श उत्तर काय ठेवणार? दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या, दोन्ही बरोबर. तिसऱ्याने मालाचा खरा भाव कळत नाही असं लिहिलं, चौथ्याने घरच्यांची मजुरी. कोणाला किती?

कैवारी : ज्याचं कारण पटेल त्याला.

शंकेखोर : कोणाला पटेल, तुम्हाला? मग तुमच्या त्या समान न्यायाचं काय झालं? आणि एकदा का हा प्रश्न पेपरात आला, की पुढच्या वर्षीपर्यंत क्लासवाले ‘पट्टीवरून न कळणाऱ्या सात बाबी’ अशी छापील यादी वाटतील. तुमच्या वर्गातली एकशेवीस मुलं ती पाठ करून येतील आणि सगळ्यांना पाचपैकी पाच द्यावे लागतील. त्यातल्या कोणी घरची पट्टी आधी पाहिलीय आणि कोणी नाही, हे तुम्ही कसं ओळखणार?

कैवारी : यादीत नसलेली आठवी बाब कोणी लिहिली, तर ओळखेन.

शंकेखोर : ती लिहिणाऱ्याला गुण देण्याइतपत तुम्हाला स्वतःला त्या बाजारातलं काय माहीत आहे, मॅडम? तुम्ही कधी वाशीला पहाटे गेला आहात का?

कैवारी : नाही गेले. मोसम सुरू झाला की बाबांना विचार, मी आले तर चालेल का.